सरी म्हणजे हो नव्हे

सेकंडहँड सायकल विकणारा माणूस पहिल्याच वाक्यात म्हणतो, "फारशी वापरलेलीच नाही हो." बाकी जगात ही थाप असते. बेंगळुरात हे खरं असतं.

कावेरीचा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा होता. जानेवारी आला की एचएसआर लेआउट आणि व्हाइटफील्डमधली कंप्युटरवाली मंडळी पोट कमी करायचं ठरवतात, तीस-तीस हजारांची गिअरवाली सायकल घेतात, तळ्याभोवती दोन चकरा मारतात आणि तिसऱ्या दिवशी गुडघा धरून बसतात. मग सायकल बाल्कनीत जाते, तिच्यावर टॉवेल वाळतात. दिवाळीच्या आधी घरातलं कुणीतरी म्हणतं, एक तर ती सायकल राहील नाहीतर मी. त्या दिवशी कावेरीचा फोन वाजायचा.

सतरा वर्षांची पोरगी. दहावीनंतर कॉलेजात घातली होती, तिथं आठ महिने टिकली. अकौंट्सच्या सरांनी भर वर्गात विचारलं, "लक्ष कुठंय तुझं?" हिनं खरं ते सांगितलं, "तुमच्या शर्टाकडं. बटणं एक घर चुकून लागल्यात." सर म्हणाले बाहेर जा. ती गेली, ती गेलीच.

डोळा मात्र भारी. नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. ते किती झडलेत ते बघून सायकल किती फिरली ते सांगायची. विकणारा माणूस कसा आहे ते त्याच्या दारातल्या चपलांवरून ओळखायची. आठ-दहा जोड पसरलेले असले तर त्याला पैसे नको असतात, जागा पाहिजे असते. अशाकडून सायकल घेताना ती मुद्दाम दार अडवून उभी राहायची आणि म्हणायची, "बघते, विचार करून सांगते." तो बिचारा स्वतःच हजार रुपये खाली यायचा.

सगळी भानगड जिभेची होती. मागच्या महिन्यात देवनहळ्ळीकडं प्लॉट विकणारा एक एजंट आला. चालवून बघतो म्हणून सायकल घेऊन गेला तो चाळीस मिनिटांनी आला, हातात लस्सीची बाटली, आणि निम्मी किंमत सांगितली. कावेरी काही बोलली नाही. पण तो पाणी प्यायला आत गेला तेवढ्यात त्याच्या स्कूटरच्या दोन्ही चाकांतली हवा गेली. मग मात्र ती बोलली, आणि जे बोलली ते गवीपुरमच्या त्या गल्लीनं गच्चीवर उभं राहून ऐकलं.

त्या दिवशी अप्पांनी अट घातली. अप्पा म्हणजे प्रतापराव, सहकारी बँकेत क्लार्क. वीस वर्षांत काउंटरवर आवाज चढवला नाही असा माणूस. ते वरच्या मजल्यावर राहायचे म्हणजे सगळं कुटुंबच राहायचं, खाली जिन्यापाशी स्कूटर लावायची जागा होती आणि त्या जागेत कावेरीच्या तीन सायकली.

"रविवार संध्याकाळपर्यंत तिन्ही गेल्या पाहिजेत," अप्पा म्हणाले. "आणि एकही भांडण नको. तुझ्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला, की सोमवारी व्हाइटफील्ड."

व्हाइटफील्ड म्हणजे रघुनंदनमामा. मामाच्या चाळीस कॅबा ऑफिसवाल्यांना नेतात-आणतात. तिथं एका पोरीनं दिवसभर कानाला हेडसेट लावून बसायचं आणि बोलायचं, "सर, दोन मिनिटं सर, वळणावर आहे सर." कॅब त्या वेळी चार किलोमीटर मागं असते. मामा म्हणायचा, कावेरीचा आवाज खणखणीत आहे, तिला मी तयार करतो. कावेरीला रात्री झोपेत "सर" ऐकू यायला लागलं होतं.

दोन सायकली गेल्या. एक फुलवाल्यानं नेली, एक कॉलेजच्या पोरीनं, आणि दोन्ही वेळेला कावेरी इतकी गोड बोलली की अम्मानं कपाळाला हात लावून ताप बघितला. राहिली निळी. हीच सगळ्यांत चांगली आणि म्हणूनच जात नव्हती. कावेरीनं ती दहा हजाराला घेतली होती, दोन दिवस खपून साफ केली होती आणि जाहिरातीत चौदा लिहिलं होतं. बाराला द्यायची, अकराच्या खाली नाही, असं तिनं मनाशी ठरवलेलं.

रविवारी चार वाजता कॅबमधून दोघं उतरली. यशोवर्धन आणि त्याची बायको संहिता, एचएसआरहून. नवऱ्याच्या हातात मोठं घड्याळ, पायात धावायचे बूट, बुटांवर धुळीचा कण नाही. बायकोच्या खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात काहीतरी गोल फुगलेलं. हेल्मेट, कावेरीनं लगेच ओळखलं. हेल्मेट घेऊन येणारं गिऱ्हाईक बघायला येत नाही, न्यायला येतं. आजचा दिवस आपला, तिला वाटलं.

यशोवर्धननं ऑफिसात तीन शनिवार कन्नडचा क्लास केला होता. "नमस्कारा. सायकल नोडबहुदा?" बघू का, असं त्यानं एकेक अक्षर मोजून विचारलं.

"बघा की," कावेरी म्हणाली, आणि वर तोंड करून ओरडली, "अम्मा, आलेत ते. स्वल्प पाणी दे."

त्याचा चेहरा फुलला. "अरे, तुम्ही मराठी? कुठल्या?"

"इथल्याच."

"नाही, म्हणजे मूळच्या."

"मूळच्या पण इथल्याच. साडेतीनशे वर्षं झाली. तुम्ही कुठले?"

"पुण्याचे. वाकड."

"तिथं किती वर्षं?"

"दोन हजार चौदाला फ्लॅट घेतला," संहिता म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं. ती सायकलीकडं बघत होती.

"पण काय गोड बोलता तुम्ही," तो म्हणाला. "थोडं वेगळंच. ऐकत राहावंसं वाटतं."

कावेरीनं ते गिळलं. वर जिन्याच्या वळणावर अप्पा पेपर घेऊन बसले होते. ते वाचत नव्हते हे तिला खालून कळत होतं, कारण अर्ध्या तासात त्यांनी पान उलटलं नव्हतं.

मग यशोवर्धननं फोन काढला. "मी एक छोटंसं मॉडेल केलंय," तो म्हणाला. "म्हणजे भावनेनं नको, आकड्यांनी बोलू. चालेल?"

"सरी," कावेरी म्हणाली.

आता इथं थांबून हे सांगितलं पाहिजे की त्या घरात सरी हा शब्द कसा वापरतात. शेजारची अक्का सुनेबद्दल तासभर सांगते तेव्हा मधेमधे सरी म्हणायचं असतं, नाहीतर तिला वाटतं आपण झोपलो. रिक्षावाल्याला उजवीकडं वळ म्हटलं की तो सरी म्हणतो आणि सरळ जातो. सरी म्हणजे तुझा आवाज माझ्या कानापर्यंत आला. त्यापुढं काही नाही. हे कावेरीला कुणी शिकवलं नव्हतं, कारण हे शिकवायचं असतं हेच कुणाला माहीत नव्हतं.

"नवी बत्तीस हजाराला," यशोवर्धन म्हणाला. "पहिल्या वर्षी चाळीस टक्के घट. एकोणीस दोनशे."

"सरी."

"दुसऱ्या वर्षी पंचवीस टक्के. चौदा चारशे."

"सरी." मनात ती म्हणत होती, बरोबर चाललाय, चौदावर आला.

"टायर, केबल, ब्रेक, याचे दोन हजार वजा. बारा चारशे."

"सरी." टायरवरचे केससुद्धा गेले नाहीत रे, आंधळ्या. पण हेही मनातच.

"ओरिजिनल बिल नाही, त्याचे पंधरा टक्के. दहा हजार पाचशे चाळीस."

"सरी."

"दुकानातून घेत नाहीये, म्हणजे उद्या काही झालं तर विचारायला कुणी नाही. त्या रिस्कचे दोन हजार. आठ पाचशे चाळीस. ते वरचे चाळीस सोडू. साडेआठ."

"सरी," कावेरी म्हणाली. आता माझी पाळी, असं मनात म्हणून तिनं श्वास घेतला.

यशोवर्धननं हात पुढं केला होता. "ग्रेट. क्यूआर कोड कुठंय तुमचा?"

"कसला?"

"पेमेंटचा. साडेआठ हजार."

"साडेआठ कुणी म्हटलं?"

"आपण. आत्ता." तो गोंधळला, आणि खरंच गोंधळला, ते तिला दिसलं. हा माणूस फसवत नव्हता. फसवणाऱ्याशी भांडता येतं. "तुम्ही प्रत्येक स्टेपला सरी म्हणालात. मी थांबून थांबून विचारत होतो. संहिता, किती वेळा म्हणाल्या त्या?"

"मी मोजत नव्हते," संहिता म्हणाली.

"सरी म्हणजे ओके. आम्हाला पहिल्याच शनिवारी शिकवलं."

कावेरीचे कान तापले. हे तिचं नेहमीचं होतं, आधी कान, मग मान, मग तोंड उघडायचं आणि मग गल्ली गच्चीवर. तिनं दात आवळले आणि हिशेब केला. अप्पांच्या अटीत किंमत नव्हती. सायकल गेली पाहिजे, भांडण नको, बस. साडेआठला दिली तर दीड हजार आणि दोन दिवसांची मेहनत पाण्यात. पण सोमवार मोकळा, मंगळवार मोकळा, पुढचे सगळे वार मोकळे. समोर हेडसेट ठेवला आणि दीड हजार ठेवले, तर काय उचलायचं हे एखाद्या बावळटालाही कळलं असतं. हा सद्गृहस्थ आयुष्यभर मित्रांना सांगणार की बत्तीस हजाराची सायकल साडेआठला मारली. सांगू दे. सरी, घेऊन जा, आणि पुन्हा तोंड दाखवू नको. एवढं म्हणायचं होतं, त्यातलं शेवटचं वाक्य गाळून.

तिनं तोंड उघडलं, आणि यशोवर्धन समजूत घातल्यासारखा म्हणाला, "तुमची चूक नाहीये. इतकी वर्षं बाहेर राहिलं की भाषा थोडी अशुद्ध होतेच. मग असे घोटाळे होतात."

जिन्यावर पेपरची घडी पडल्याचा आवाज आला.

"ओ साहेब," अप्पा म्हणाले. ते खाली यायला लागले, एकेक पायरी, बनियन आणि लुंगीवर. "बाहेर कोण राहतंय?"

"नाही काका, मी आपलं जनरल—"

"काका नाही. मी विचारलं, बाहेर कोण राहतंय? आम्ही घरात आहे. तुम्ही कॅबनं आला."

"अप्पा," कावेरी म्हणाली.

"तू गप. साहेब, सरी म्हणजे ऐकलं. हो म्हणायचं असलं तर आम्ही हो म्हणतो, शब्द आहे आमच्याकडं, साडेतीनशे वर्षं झाली सांभाळून ठेवलाय. माझी बायको वीस वर्षं मला सरी म्हणतेय. एक काम झालं असेल माझ्या मनासारखं, तर शपथ."

"सरी, सरी, वर या आता," अम्मा गच्चीवरून म्हणाली.

"बघा," अप्पा म्हणाले. "ऐकलंत? आता ही काय मान्य करतेय?"

"पण व्यवहारात क्लॅरिटी पाहिजे ना," यशोवर्धनचाही आवाज वर गेला. "उद्या मी एखाद्या बँकेत सही करून म्हटलं, सही म्हणजे फक्त पेन चालतंय का बघितलं, तर?"

हे त्याला अप्पा बँकेत आहेत हे माहीत नसताना सुचलं, आणि नेमकं लागलं. अप्पांचा गळा फुगला. पोरीला हा फुगलेला गळा अनोळखी होता. आरशात स्वतःचा दिसतो तेवढाच तिला माहीत होता.

"साडेआठ हजारात या सायकलची घंटी येत नाही," अप्पा म्हणाले. आयुष्यात त्यांनी सायकलची किंमत कधी विचारली नव्हती. "काल एकानं अठराला मागितली. दिली नाही आम्ही."

"जाहिरातीत चौदा लिहिलंय."

"ती जाहिरात मी वाचली नाही."

कावेरीनं डोळे मिटले. शेजारच्या गच्चीवर अक्का आली होती, समोरच्या घरातनं दोघं खिडकीत. यशोवर्धन फोनवर कॅब बघायला लागला, "चल संहिता, इथं काही अर्थ नाही," म्हणाला, तरी जाईना, कारण अप्पांनी वाकडला पाण्याचा टँकर येतो का असं विचारलं होतं आणि त्याचं उत्तर देणं त्याला भाग होतं. सायकल विकायची राहिली बाजूला. उद्या सकाळी सहाला मामाची कॅब दारात. आणि या खेपेला तिनं एक वाकडा शब्द काढला नव्हता, हे सांगितलं तर हसतील लोक.

तिनं डोळे उघडले ते सायकलीकडं बघायला, शेवटचं.

संहिता सायकलीवर होती. एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर. सीटखालचा खटका उघडून तिनं सीट दोन बोटं खाली घेतली होती, कुणाला न विचारता, आणि खटका परत नीट दाबला होता. हेल्मेट आता पिशवीत नव्हतं. मांडीवर होतं, लहान मापाचं, आत दुकानाचा कागद अजून चिकटलेला. कावेरीला स्वतःची लाज वाटली. चपला बघून माणसं ओळखणारी आपण, आणि इतका वेळ भलत्याच माणसाला सायकल विकत होतो.

ती तिच्याजवळ गेली. "अक्का, सायकल कुणाला पाहिजे?"

"मला," संहिता म्हणाली.

"मग ते का बोलतायत?"

"त्याला मॉडेल करायला आवडतं." ती हळू बोलत होती, पण लपवून नाही. "लग्नातली साडीसुद्धा तशीच घेतली."

"कुठं जायचं असतं सायकलवर?"

"कुठंच नाही. मला पाहिजे फक्त."

असं उत्तर कावेरीनं आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाकडून ऐकलं नव्हतं. सगळे पोटाबद्दल बोलायचे. "एक चक्कर मारून या," ती म्हणाली. "गल्लीच्या शेवटी देऊळ आहे, तिथं वळा. पुढं चढ आहे. चढावर गिअर खाली घ्या, जोर लावू नका. आणि परत येईपर्यंत फोन इथं ठेवून जा असं मी सगळ्यांना सांगते, तुम्हाला सांगत नाही."

संहितानं हेल्मेट घातलं आणि गेली. नवऱ्याला ते कळलं नाही. तो तेव्हा सांगत होता की टँकर फक्त उन्हाळ्यात येतो.

आठ मिनिटांनी ती आली. कपाळ ओलं, नाकाचा शेंडा लाल, ओढणी कमरेला बांधलेली. उतरली नाही, बसूनच राहिली.

"मागचा ब्रेक कुईकुई करतो," ती म्हणाली.

"करतो. रबर घासलंय. आत्ता बदलून देते, पाच मिनिटं लागतील. बाकी काही नाही."

"किती?"

कावेरी बारा म्हणणार होती. मग म्हणाली, "दहाला घेतली मी. दोन दिवस काम केलंय. नवं रबर माझं. अकरा पाचशे. आता सरी म्हणू नका, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा."

"हो," संहिता म्हणाली.

तिनं स्वतःच्या फोनवरून पैसे पाठवले. कावेरीनं पाना घेतला आणि मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. तिच्या डोक्यावरून भांडण चाललं होतं, पण त्यातली वाफ आता गेली होती. अप्पा खिचडीला बिसीबेळे भात म्हणण्यात चूक काय ते विचारत होते. यशोवर्धन म्हणत होता, ते दोन वेगळे पदार्थ आहेत. इथं त्याचं बरोबर होतं, पण ते कोण सांगणार.

"यशो," संहिता म्हणाली. "झालं. घेतली."

तो वळला. "कितीला?"

"मला पाहिजे तेवढ्याला."

"मॉडेलमध्ये—"

"तू कॅबनं ये. मी जाते हिच्यावर."

"एचएसआरपर्यंत? दहा किलोमीटर आहे."

"सरी," संहिता म्हणाली, आणि पॅडल मारलं.

यशोवर्धन तिच्या पाठीकडं बघत राहिला. मग अप्पांकडं बघितलं. अप्पा त्याच्याकडंच बघत होते, आणि एका नवऱ्याला दुसऱ्या नवऱ्याची जेवढी दया येते तेवढी त्यांच्या तोंडावर आली होती. "पाणी घ्या स्वल्प," ते म्हणाले. तो प्याला. कॅब आली, तो गेला.

गच्च्या रिकाम्या झाल्या. अप्पा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले आणि लुंगी सारखी करत बसले, ती सारखी असताना.

"भांडण झालं," शेवटी ते म्हणाले.

"झालं," कावेरी म्हणाली. ती हात पुसत होती.

"अट काय होती?"

"माझ्या तोंडून वाकडा शब्द नको."

"गेला नाही तिच्या तोंडून," अम्मा वरून म्हणाली. "मी इथंच होते. तुमचे मोजले, अकरापर्यंत. पुढं कुकरची शिट्टी झाली."

अप्पांनी जिन्याखालच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, तिथं आता स्कूटर आरामात बसली असती. मग विचारलं, "अठराला गेली असती का?"

"नाही."

"चौदाला?"

"पुढच्या रविवारी आली असती गिऱ्हाइकं तर गेली असती. तुम्ही वर असता तर."

त्यावर ते हसले असते, पण फोन वाजला. रघुनंदनमामा. अप्पा फोन घेऊन जिना चढले आणि वळणावर थांबले. कावेरी खाली पाने-पक्कड गोळा करत होती, आवाज न करता.

"हां रघू. नको, उद्या कॅब नको पाठवू." मग ते बराच वेळ ऐकत होते. "नाही, आजारी नाही. कॉलेजला पण नाही. कामाला लागलीये." पुन्हा ऐकलं. "इथंच. खाली."

मामानं पुढं पगाराचं विचारलं असणार, कारण अप्पांनी कठड्यावरून वाकून तिच्याकडं बघितलं, आणि ती पाना हातात धरून वर बघत होती.

"ते तिचं तिला विचार," अप्पा म्हणाले, आणि फोन खाली धरला.